बाथला जायचं तर मुक्कामाला जा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे रेडिंगला जातोय. मी बँकेतून निवृत्त, सौ.च्या गुडघ्यांची कुरकुर चालू असते. मुलाने लंडनहून निघणारी एक बसटूर हेरून ठेवली आहे: विंडसरचा किल्ला, स्टोनहेंज आणि बाथ, सगळं एका दिवसात. सौ.ने कुठेतरी वाचलंय की बाथला गरम पाण्याचं रोमन कुंड आहे, तिला तिथे स्नान करायचंय. सोबत आठ वर्षांचा नातू असेल. आम्ही शाकाहारी, सौ. अंडंही खात नाही. टूर बरी की आपलं आपण जावं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: टूर रद्द करा. पैसे भरले नसतील तर आजच मुलाला फोन करा.

तीन ठिकाणं एका दिवसात म्हणजे निम्मा दिवस बसच्या खिडकीशी. बाथच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात आणि कुंडाचं तिकीट पुष्कळदा टूरच्या पैशांत धरलेलंही नसतं. मंडळी ॲबी या जुन्या मोठ्या चर्चपुढे फोटो काढतात, फज नावाच्या मिठाईचा डबा घेतात आणि बसमध्ये येऊन झोपतात. त्यातून तुम्ही राहणार रेडिंगला! रेडिंगहून बाथला थेट रेल्वे आहे, तासाभरात पोचवते. टूरसाठी तुम्ही आधी पूर्वेला लंडनला जाणार आणि तिथून पुन्हा उलटे पश्चिमेला येणार. कोथरूडहून साताऱ्याला जायला आधी लोणावळा गाठण्याचा प्रकार आहे हा.

माझं ऐकाल तर एक रात्र बाथमध्ये मुक्काम करा, आणि ती रात्र शनिवारची नको, रविवारची असू द्या. शनिवारी सगळा इंग्लंड तिथे लोटलेला असतो, हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि पुष्कळ हॉटेलं शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री घेतल्याशिवाय खोलीच देत नाहीत. रविवारी दुपारनंतर गर्दी ओसरते, दरही उतरतात. सगळे मिळून रविवारी सकाळी या, दिवसभर एकत्र हिंडा. संध्याकाळी मुलगा, सूनबाई आणि नातू परत जातील, कारण सोमवारी त्यांच्या शाळा-नोकऱ्या आहेत. तुम्ही दोघं मागे राहा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. टूरच्या बसेस गेलेल्या असतात, नदीकाठी बाक रिकामे असतात. इतक्या वर्षांच्या संसारानंतर परदेशात एक संध्याकाळ दोघांनीच काढायला हरकत नसावी.

रविवारी एकच धास्ती. तिकडे रुळांची दुरुस्ती शनिवार-रविवारी काढतात, मग गाड्या वळवतात किंवा मध्येच बसमध्ये बसवतात. आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा पाहा. तुम्ही दोघं साठीपुढचे आहात, तेव्हा सिनियर रेलकार्ड काढा. ते परदेशी पाहुण्यांनाही मिळतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. जून-जुलैत चार ठिकाणी फिरणार असाल तर कार्डाचे पैसे लगेच वसूल होतात.

आता वहिनींच्या स्नानाचं. रोमन कुंडात उतरता येत नाही. पायसुद्धा बुडवता येत नाही, हात लावू नका असं लिहिलेलं आहे. पूर्वी तिथल्या झऱ्यांच्या पाण्यात लोक पोहत असत, पण १९७८ मध्ये एका मुलीचा पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूला संसर्ग होऊन मृत्यू झाला आणि स्नानं बंद झाली. पुढे खोलवर नवी विहीर मारून शुद्ध पाणी वर आणलं गेलं. कुंडातलं पाणी मात्र शुद्ध केलेलं नसतं. ते हिरवंगार दिसतं. रोमन काळात कुंडावर छप्पर होतं, आता ते उघडं आहे, त्यामुळे उन्हाने शेवाळ धरतं. तळाला अजून रोमनांनी बसवलेले शिशाचे ४५ पत्रे आहेत.

उतरता येत नाही म्हणून पाहणं टाळू नका. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. ती वेळ दोन कारणांसाठी: गर्दी नसते, आणि हवा गार असताना पाण्यावर वाफ तरंगत असते. वरच्या सज्जातल्या पुतळ्यांपुढे वेळ घालवू नका, ते रोमन सम्राट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेले आहेत. खाली उतरा. एके ठिकाणी जादा पाणी वाहून जायची रोमन मोरी आहे. दगडी कमानीखालून गरम पाणी धो धो पडत असतं आणि त्यातल्या लोहाने दगड नारिंगी-तांबडा झालेला आहे. मुख्य झऱ्यातून दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी येतं, ४६ अंशांच्या आसपास तापलेलं, आणि ही मोरी आजही ते नदीकडे नेते आहे. मला विचाराल तर सगळ्या कुंडात पाहण्यासारखी जागा ती.

दुसरी जागा शापपट्ट्यांची. झऱ्याची देवी सुलिस. रोमनांनी तिची सांगड आपल्या मिनर्व्हाशी घातली आणि गावाला नाव दिलं ॲक्वे सुलिस. या देवीपुढे लोक गाऱ्हाणी घालत. शिशाच्या पातळ पत्र्यावर मजकूर कोरायचा, गुंडाळी करायची आणि झऱ्यात टाकायची. अशा सुमारे १३० पट्ट्या सापडल्या आहेत आणि बहुतेक गाऱ्हाणी चोरीची आहेत. स्नानाला उतरल्यावर काठावरचे कपडे गेले, दुसरं काय! डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर तो देवीला सांगतो की चोराची बुद्धी आणि डोळे जावोत. दुसऱ्या कुणाचा टोपीवाला झगा गेला आहे. चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सोडू नकोस, असं तो लिहितो. नातवाला हे नक्की वाचून दाखवा, हातमोज्यांवरून एवढा थयथयाट त्याला फार आवडेल. दीड-दोन तास ठेवा. लिफ्ट आहे, वहिनींना अडचण येणार नाही. रोमनांच्या जुन्या फरशीवर तेवढं जपून चाला, ती खालीवर आहे.

आणि स्नान? ते सोमवारी करा. कुंडापासून चालत दोन-तीन मिनिटांवर थर्मे बाथ स्पा आहे, २००६ साली उघडलेलं. तेच झऱ्याचं पाणी, शुद्ध करून, सोसवेल इतकं गार करून. गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे, त्यात गळ्यापर्यंत बुडून समोर ॲबीचा मनोरा दिसतो. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, म्हणून तर नातवाला रविवारी परत पाठवायचं. पोहण्याचा पोशाख लागतो. साडी, सलवार-कमीज घालून पाण्यात उतरू देत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ऐन काउंटरवर हे कळून हिरमुसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे स्विमसूट इथेच लक्ष्मी रोडवर घेऊन ठेवा. टॉवेल, रोब, सपाता तिथे मिळतात. पोहता यायची गरज नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वाफेच्या खोल्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

रविवारी दुपारी वरची बाजू पाहा. बाथ वाटीत वसलेलं गाव आहे, कुठेही निघालात तरी चढ लागतो. स्टेशन, ॲबी, कुंड, पुल्टनी पूल हा खालचा भाग सपाट आहे, तो पायी फिरा. रॉयल क्रेसेंटला मात्र टॅक्सीने जा. पुष्कळजण सांगतात की चढ गाडीने करा आणि उतार पायी. गुडघेवाल्यांना हा सल्ला देणाऱ्याचे गुडघे कधी दुखलेले नसतात. उतारच जास्त दुखवतो. म्हणून क्रेसेंटपासून ब्रॉक स्ट्रीटने सर्कसपर्यंत, म्हणजे गोलाकार बांधलेल्या घरांच्या चौकापर्यंत, चाला, हा तुकडा छोटा आणि जवळजवळ सपाट आहे. सर्कसपासून पुन्हा टॅक्सी किंवा बस.

क्रेसेंट म्हणजे चंद्रकोरीच्या आकारात बांधलेली ३० घरं, पुढे ११४ खांब, सगळं मधासारख्या पिवळट दगडात. काम १७६७ साली सुरू झालं. पुण्यात तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते. वास्तुविशारद जॉन वुड धाकटा. सर्कस त्याच्या वडिलांच्या कल्पनेतली, बापाने काम सुरू करून जीव सोडला आणि मुलाने ते पुरं केलं. क्रेसेंटची गंमत मागच्या बाजूला आहे. वुडने फक्त दर्शनी भिंत एकसारखी बांधून दिली. घेणाऱ्याने आपल्या वाट्याच्या भिंतीमागे आपापल्या खिशाप्रमाणे घर बांधायचं. त्यामुळे पुढून एकच राजवाडा दिसतो, आणि मागच्या गल्लीत गेलात की एकाचं छप्पर उंच, दुसऱ्याची भिंत पुढे आलेली, तिसऱ्याच्या खिडक्या भलत्याच जागी. टूरवाले मागे नेत नाहीत. तुम्ही जा. आणि २२ नंबरचं दार पाहा. सगळी दारं पांढरी, हे एकच पिवळं. १९७० च्या दशकात तिथे राहणाऱ्या बाईंनी ते रंगवलं, नगरपालिकेने पुन्हा पांढरं करा म्हणून नोटीस काढली, बाई हटल्या नाहीत आणि जिंकल्या. सोसायटीच्या मीटिंगा अंगावर घेतलेल्या कुणालाही या दारापुढे दोन मिनिटं थांबावंसं वाटेल.

पुल्टनी पूल १७७४ चा, रॉबर्ट ॲडमने आखलेला, दोन्ही कडांना दुकानं. पुलावर असताना आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. खाली उतरून बंधाऱ्याच्या बाजूने पाहा.

ॲबीत जाल तेव्हा दर्शनी भिंतीवर शिड्या चढणारे दगडी देवदूत दिसतील. नातवाला सांगा, त्यातला उलटा उतरणारा शोध. आत भिंतींवर शेकड्यांनी स्मृतिफलक आहेत. मान वर करून वाचत गेलात तर ईस्ट इंडिया कंपनी, बंगाल, मद्रास अशी नावं भेटू लागतात. आपल्याकडे कमावून माणसं म्हातारपणी सांधे शेकायला इथे येत. सर्कसमध्ये तर क्लाइव्ह राहून गेलेला आहे. शहर सुंदर आहे, ते कुणाच्या पैशाने सुंदर झालं हेही त्याच भिंतींवर लिहिलेलं आहे. बंगालच्या बरोबरीने वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा पैसा.

एक जागा मी माझ्या हट्टाने सुचवते, न्यू किंग स्ट्रीटवरचं १९ नंबरचं घर. विल्यम हर्शेल मूळचा हॅनोव्हरचा, इथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरायचा. मागच्या अंगणात स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस दिसला. बहीण कॅरोलाइन बरोबर असे. तिने पुढे स्वतः धूमकेतू शोधले. तळघरातल्या कार्यशाळेत आरशासाठी वितळवलेला धातू एकदा साच्यातून फुटून वाहिला आणि खालच्या फरश्या तडकल्या. त्या तडकलेल्या फरश्या अजून तशाच आहेत. शाळेत विज्ञान शिकवताना मी पोरांना आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेत नेत असे, पण विज्ञान कसं घडतं हे दाखवायला त्या फरशीइतकं चांगलं साधन मला मिळालं नव्हतं. जिने अरुंद आहेत, वहिनींनी बागेत बसावं. वार आणि वेळ आधी बघून घ्या.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. तिकडे प्रत्येक मेनूवर शाकाहारी खूण असते, मात्र त्यांच्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. वहिनींनी व्हीगन पदार्थ मागावेत, त्यात अंडं नक्की नसतं. व्हीगनमध्ये दूधही नसतं, म्हणून चहाला दूध वेगळं मागावं. सॅली लनचा मोठा मऊ बन प्रसिद्ध आहे, तो अंड्याचं विचारूनच घ्या. कुंडाला लागून असलेल्या पंप रूम या जुन्या उपाहारगृहात दुपारचा चहा वाद्यसंगीताच्या साथीने मिळतो. महाग आहे, पण एकदाच. आणि पुण्याहून नेण्याच्या खाऊबद्दल: दुधाचे पदार्थ बरोबर न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. बाकरवडी न्या, पेढे-बर्फी नको. विमानतळावर टाकून द्यावी लागते.

प्रश्न: ताई, मी मूळची सिंहगड रोडची, सध्या ब्रिस्टलला शिकते. आम्ही चार मैत्रिणींनी बाथला वीकेंड काढायचं ठरवलंय, पण बजेट विद्यार्थ्यांचं आहे. हॉस्टेल बघू का? – एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर: अगं, बघू नकोस. तुझ्या खोलीपासून बाथ रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत आहे. रात्री आपल्या गादीवर झोप आणि दोन्ही दिवस जा. तिघी किंवा जास्त एकत्र असाल तर गर्दीबाहेरच्या वेळेत ग्रुपसेव्हची सवलत मिळते, तिकीट घेतानाच ती निवडायची.

वरच्या आजी-आजोबांना मी जे सांगितलं त्यातलं अर्धं तुला लागू नाही. तुझे गुडघे नवे आहेत, ते वापर. शहराभोवतीच्या डोंगरउतारावरून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची स्कायलाइन वॉक आहे, सुमारे सहा मैलांची वाटोळी वाट, एक पैसा लागत नाही. कुरणं, झाडी, मधूनच खाली सगळं शहर. पावसानंतर चिखल असतो, कॉलेजचे पांढरे बूट घालू नकोस. चालून झालं की सिडनी गार्डन्समध्ये ये. बागेतून रेल्वे जाते आणि कालवाही. ब्रुनेल या इंजिनियरने १८४० च्या सुमारास रूळ बागेतून नेले आणि वर नक्षीदार पूल टाकले. कालव्याच्या काठाने ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत चालत जाता येतं, पण ते दुसऱ्या दिवशी.

पंप रूमच्या बाहेरून मानद मार्गदर्शकांचा पायी फेरफटका निघतो. हे गावातले स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त माणसं, महापौरांच्या नावाने हे काम करतात. फेरफटका फुकट, आणि टीप देऊ केलीस तरी घेत नाहीत. प्रश्न मात्र भरपूर विचार, त्यांना आवडतं. भिंतीत बुजवलेल्या खिडक्या का, हे नक्की विचार. व्हिक्टोरिया आर्ट गॅलरीतला कायमचा संग्रह पाहायलाही तिकीट नाही.

रोमन कुंडाच्या तिकिटाला पैसे पडतील. ते द्या. शनिवार-रविवारी दर जास्त असतो, तेव्हा लेक्चर नसलेला एखादा मधला वार सापडला तर तोच धर. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवस कुंड रात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि कडेने मशाली पेटवतात. तारखा पाहून ठेव. क्रेसेंटपुढच्या हिरवळीवर डबा खायला बसाल तेव्हा खालच्या बाजूला बसा. वरची हिरवळ तिथल्या रहिवाशांची आहे. मध्ये एक खंदकवजा भिंत आहे, वरून ती दिसतच नाही. पूर्वी गुरं घरापर्यंत येऊ नयेत आणि दृश्यही अडू नये, यासाठी केलेली युक्ती.

प्रश्न: आपल्या सदरात इंग्लंडातल्या गरम पाण्याचं फार कौतुक दिसतं. आमच्या पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, उतरायला कुणी तिकीट मागत नाही, पोहण्याचा पोशाखही विचारत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी आहेच. तेच पाणी पाहायला सातासमुद्रापार जाण्याचं प्रयोजन काय? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: प्रयोजन काही नाही. मुलगा तिकडे असेल तर जावं, नसेल तर उन्हेऱ्याला जावं.

पण "तेच पाणी" म्हणालात ते तुमच्या अंदाजापेक्षा जास्त खरं आहे, म्हणून दोन ओळी. दोन्हीकडे ज्वालामुखी नाही. बाथचं पाणी म्हणजे हजारो वर्षांपूर्वी बहुधा जवळच्या मेंडिप नावाच्या डोंगरांवर पडलेला पाऊस. तो चुनखडीच्या थरांतून दोन-चार किलोमीटर खोल उतरतो, भूगर्भाच्या उष्णतेने तापतो आणि भेग सापडली की दाबाने वर येतो. आपल्याकडे पालघरपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणपट्टीत झऱ्यांची जी माळ आहे, तिचंही कारण असंच. पाणी भेगांतून खोल जातं, तापून वर येतं. आपल्याकडे गंधकाचा वास येतो, तिकडे लोहाची चव.

फरक आजूबाजूला आहे. तिकडे झऱ्याभोवती जे जे सापडलं ते जागच्या जागी राखलं गेलं: रोमन मोरी, बारा हजारांवर नाणी, १७२७ मध्ये गटाराचं खोदकाम करताना हाती लागलेलं देवीचं सोनेरी मुलामा दिलेलं मस्तक. उन्हेऱ्याच्या कुंडाकाठी काय आहे ते तुम्ही पाहिलंच असेल. साबणाची वेष्टनं आहेत. गेल्या वेळी गेले तेव्हा एका काकांनी त्यातच शाम्पू लावला होता, आणि मी बोलले तर म्हणाले, वाहतं पाणी आहे, जाईल.

आणि तुम्हाला फुकटाची ओढ आहे म्हणून सांगते, बाथमध्येही कुंड पाहून बाहेर पडताना एक तोटी आहे. झऱ्याचं शुद्ध केलेलं पाणी, ४३ खनिजांचं, पेलाभर प्यायला मिळतं, तिकिटातच. कोमट आणि खिळा चोखल्यासारखं लागतं. दुसरा पेला मागताना मी कुणालाही पाहिलं नाही.